उलट्या गिअरात सहा मैल

१९५८च्या उन्हाळ्यात सिरोंच्याच्या घाटावर मत्स्यखात्याची मोटरबोट आली, ती पाण्यातून नव्हे तर रस्त्याने. बल्लारशाच्या स्टेशनावर ती मालगाडीतून उतरली, ट्रकवर चढली, आणि ट्रकचा पाटा तुटल्यावर शेवटचे दहा मैल दोन बैलगाड्यांवर आडवी पडून आली. चांदा जिल्हा दीड वर्षापूर्वी मुंबई राज्यात गेला होता आणि मुंबई राज्याला समुद्र होता. त्यामुळे वरच्या कुठल्याशा यादीत प्रत्येक ठाण्यापुढे 'बोट, एक' असं लिहिलं गेलं असावं.

बोटीबरोबर सूचनांचं पुस्तक होतं. 'समुद्रातून आल्यावर बोट रोज गोड्या पाण्याने धुवावी' असं त्यात होतं. मत्स्य निरीक्षक गुणवंतराव हे लिहिलेलं पाळणारे गृहस्थ. नदीचं पाणी गोडच असतं हे त्यांना ठाऊक होतं. पण गोड्या पाण्यातली बोट धुवू नये असं पुस्तकात कुठे म्हटलेलं नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी कार्यालयाचा शिपाई विहिरीवरून आठ घागरी पाणी आणायचा आणि नदीत उभ्या असलेल्या बोटीवर ओतायचा. घाटावरच्या बायका धुणं थांबवून बघत बसायच्या.

गुणवंतराव वर्ध्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, मासा खाणं तर सोडाच पण त्याला हातही न लावलेले. या नेमणुकीत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी कृषिखातं मागितलं होतं, मत्स्यखातं मिळालं. आता त्यांच्या डोक्यावर एकच काम होतं: गाभोळीने भरलेल्या दोन रोहू माद्या आणि चार नर, असे सहा पैदाशीचे मासे प्राणहितेतून सहा मैल वर, नागुलमेट्ट्याच्या सरकारी तलावात जिवंत पोचवायचे. पावसाची पहिली सर आली की माद्या अंडी टाकणार, त्याआधी.

गेल्या वर्षी हेच काम बैलगाडीतून झालं होतं. अकरा मासे माठांमधून निघाले आणि अकराही वाटेत मेले. खात्याचा नियम असा की प्रत्येक मृत माशामागे स्वतंत्र खुलासा द्यायचा. गुणवंतरावांनी ऊन, धक्के, माठाला तडा, बैल उधळणे अशी कारणं लिहीत आठ खुलासे पूर्ण केले. नवव्या माशापाशी कारणं संपली. तिथे त्यांनी 'खिन्नता' लिहिलं. ते मान्य झालं, म्हणून दहाव्या आणि अकराव्यालाही तेच लिहिलं. पण वरून शेरा आला की पुढील वर्षी खिन्नता स्वीकारली जाणार नाही.

या बोटीत मधोमध मासे जिवंत ठेवायची पत्र्याची टाकी होती. बॅटरीवर चालणारा छोटा पंप बोटीच्या तळाखालून ताजं पाणी ओढून टाकीत सोडायचा आणि जास्तीचं पाणी वरच्या भोकातून बाहेर जायचं. मागच्या फळीवर मोटर टांगलेली. चालवणारा मात्र पुढे, चाकापाशी बसायचा. त्याच्या उजव्या हाताला दोन दांडे होते, एक गिअरचा आणि एक रेसचा, आणि दोन्हींच्या तारा नळीतून बोटीच्या कडेकडेने थेट मोटरीपर्यंत गेलेल्या होत्या.

ती चालवायला नथ्थूला बोलावलं. नथ्थू लाकूड डेपोच्या ट्रकांचा मेकॅनिक होता. पाण्यातलं इंजिन त्याने आधी पाहिलं नव्हतं, पण तार म्हटली की त्याचा चेहरा उजळायचा. आणि नदी दाखवायला मनकर्णा आली. ती नदीवर जाळी टाकणाऱ्या ढिवरांची बाई, पन्नाशीची, काळी आणि काटक. खरं तर तिच्या भावाला नेमलं होतं, पण त्याला ताप आला, म्हणून त्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन ती स्वतःच हजर झाली. गुणवंतरावांनी चिठ्ठी वाचली. "यात सुकलू लिहिलं आहे," ते म्हणाले.

"मंग आज मले सुकलू म्हणा," मनकर्णा म्हणाली आणि बोटीत चढली.

पहिल्या दिवशी मोटर सुरू व्हायलाच तास गेला. दोरी ओढून ओढून नथ्थूच्या तळहाताला फोड आले. शेवटी ती एकदाची धडधडली. नथ्थूने गिअरचा दांडा पुढे ढकलला आणि बोट झपकन मागे जाऊन घाटाच्या पायरीवर आदळली. गुणवंतराव पुढच्या पाटावर बसले होते, ते तसेच मागे टाकीवर पडले.

"दांडा पुढे आहे ना?" त्यांनी पडल्यापडल्या विचारलं.

"पुढंच आहे जी. बोट मांगं आहे."

नथ्थूने मोटरीचं झाकण काढलं. गिअरची तार ज्या कोणी बसवली होती त्याने ती खिळीच्या उलट्या बाजूला अडकवली होती. त्यामुळे पुढे म्हटलं की मागे आणि मागे म्हटलं की पुढे. नथ्थूने तार सोडवली, चिमटा सैल केला, दुसऱ्या बाजूला आणून अडकवली, वरून ग्रीस भरलं. दुपारी बोट सरळ पुढे गेली. घाटावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नथ्थूने ट्रकमधून उतरल्यासारखा एक पाय बाहेर टाकला तो थेट कमरेएवढ्या पाण्यात.

मग टाकीत पाणी भरून पाहिलं. बोट उभी असताना पंप छान चालत होता. पुढे चालायला लागली की पंपाचा आवाज बदलायचा, तो नुसताच गुणगुणायचा, आणि वीस पावलं जाईपर्यंत टाकीतलं पाणी उलट खाली उतरून जायचं. नथ्थूने बॅटरीच्या तारा एकमेकींना टेकवल्या, ठिणगी उडाली. बॅटरी ठणठणीत होती. नळी काढून तोंडाने फुंकली. तोंडात शेवाळ आलं, पण नळी मोकळी होती. वायसर पाहिला, नवा होता.

"पंप हवा धरून राह्यला," तो म्हणाला. "पण काऊन?"

मनकर्णा लुगड्याचा काष्टा आवळून पाण्यात उतरली, बोटीखाली गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली.

"खाली पाणी घ्याचं तोंड आहे ना, ते मांगं पाहून राह्यलं," ती म्हणाली. "बोट पुढं गेली का ते पाणी घेत नाई, ओकते."

हेही त्याच कारागिराचं काम असणार. बोटीचं तोंड एकीकडे आणि पंपाचं दुसरीकडे. नथ्थू म्हणाला, तोंड फिरवायला दहा मिनिटं लागतील. पण त्याचे बोल्ट टाकीच्या खाली होते, आणि टाकी उचलायची तर तिच्या चारही कोपऱ्यांना लाखेची सरकारी मोहोर होती. मोहोर फोडायला लेखी परवानगी लागे. परवानगीचं पत्र जायला आठ दिवस, यायला आठ दिवस, आणि मध्ये टेबलावर पडायला आठ दिवस. मृग चार दिवसांवर होता.

तिघंही पायरीवर बसले. गुणवंतराव सूचनांचं पुस्तक चाळत होते. मनकर्णा म्हणाली, "बोट मांगं गेली तं?"

"म्हणजे?"

"मांगं जाऊन पायरीवर आपटली, तवा टाकीत खालून पाणी उसळून आलं होतं. मी पाह्यलं. मांगं गेली का त्या तोंडात पाणी घुसते. मंग मांगंच जाऊ ना नागुलमेट्ट्याले. कोणी म्हणलं का पुढूनच या म्हणून?"

गुणवंतरावांनी खरंच पुस्तकात पाहिलं. बोट कोणत्या बाजूने चालवावी याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांनी नोंदवहीत लिहिलं: 'ज्या दिशेस जाताना मासे जिवंत राहतात, त्या दिशेस या प्रवासापुरते पुढे असे समजावे.' खाली सही केली. मग नथ्थूला म्हणाले, "दांडा पुढे केल्यावर बोट पुढे गेली पाहिजे. या अर्थाने पुढे. तार होती तशी करा."

नथ्थूला ते फार लागलं. "साहेब, आजवर मी बिघडलेलं सुधरवलं. सुधरवलेलं बिघडवाची पहिलीच पाळी आहे." पण त्याने केलं. करताना तो पान्याशी एक शब्दही बोलला नाही, एरवी तो बोलत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा रोहू टाकीत सोडले आणि बोट मागच्या बाजूने पुढे निघाली. वरच्या भागात वळवाचा पाऊस झाला होता म्हणून नदीला बरं पाणी होतं. शंभर पावलांवर नवीन अडचण आली. उलटी चालताना मोटर उसळी मारून पाण्याबाहेर यायची आणि पंखा हवेत फिरायचा. मनकर्णाने जाळ्याच्या दोरीने ती खालून करकचून बांधली आणि स्वतः तिच्याजवळ बांबू घेऊन उभी राहिली, कारण वाट आता त्या बाजूला होती. नथ्थू चाकावर बसला, मान पूर्ण मागे वळवून.

गुणवंतराव मात्र आपल्या जागेवरून हलले नाहीत. 'अधिकाऱ्याने पुढच्या पाटावर बसून मार्गावर लक्ष ठेवावे' हे पुस्तकात होतं. त्यामुळे ते सिरोंच्याकडे तोंड करून बसले होते आणि सिरोंचा लहान होत चाललं होतं. त्यांचं लक्ष पूर्ण होतं. "दगड!" ते ओरडायचे. दगड तेव्हा मागे पडलेला असायचा.

"गेला जी तो," मनकर्णा म्हणायची.

"हो, पण होता," ते म्हणायचे, आणि वहीत लिहायचे.

चार मैल असेच गेले. मासे उत्तम होते. एक मोठी मादी टाकीच्या काचेच्या झरोक्यापाशी येऊन तोंड उघडत-मिटत होती आणि गुणवंतराव अधूनमधून वळून तिच्याकडे पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर खिन्नता दिसत नाही, एवढं त्यांनी खात्रीने ठरवलं.

तिथे नदीला मोठा डोह आहे. डोहाच्या पलीकडच्या, आंध्रच्या काठावर वीस-पंचवीस माणसं उभी राहून हातवारे करत होती. "आगंडी! आगंडी!" असा आवाज येत होता. थांबा म्हणत होते. मधे डोक्याला बाशिंग बांधलेला एक नवरदेव होता, समय्या त्याचं नाव. त्याचं लग्न अलीकडच्या काठावरच्या वारलूच्या मुलीशी, मंगलीशी लागायचं होतं, सूर्य माथ्यावर आला की. आणि घाटाचा डोंगा उन्हाने तडकून सकाळीच बुडाला होता.

"घेऊ यांना," मनकर्णा म्हणाली.

"या बोटीत फक्त मासे आणि त्यांच्यासाठी लागणारी माणसं बसू शकतात," गुणवंतराव म्हणाले. पण त्यांचा आवाज तेवढा ठाम नव्हता. नवरदेव त्यांच्याकडे बघत होता आणि घामाने त्याच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं.

मनकर्णाने त्या माणसांकडे नजर टाकली. "टाकीवर ऊन पडून राह्यलं साहेब. मासळीवर कोणी सावली धराले पाह्यजे का नाई? त्याच्यापाशी छत्री आहे."

हे कारण वहीत बसण्यासारखं होतं. गुणवंतरावांनी लिहिलं: 'सावली धरणारा, तात्पुरता, एक.' आणि समय्याची आई लक्ष्मक्का मुलाला एकटं सोडायला तयार नव्हती म्हणून 'सावली धरणाऱ्याची आई, एक.' बाकीचे मागाहून यायचे ठरले. समय्या टाकीशेजारी बसला. लग्नाची झालर लावलेली छत्री त्याने माशांवर धरली आणि स्वतः उन्हात तळत राहिला. तो एका शब्दाने कुरकुरला नाही. सासरी जाताना जे सांगतील ते ऐकायचं, असं त्याच्या आईने त्याला बजावलं होतं.

बोट डोह ओलांडू लागली. अलीकडच्या घाटावर वारलू, त्याचे पाहुणे, वाजंत्री, सगळे सकाळपासून वाट पाहत होते. त्यांना आता दिसली ती एक बोट, आणि तिच्यात बसलेल्या माणसांच्या पाठी. बाशिंगाचे गोंडे पलीकडच्या काठाकडे तोंड करून होते.

"अरे, तो तं मांगं फिरला!" वारलू ओरडला. "पाठ दाखवून परत जाऊन राह्यला!"

बायकांनी रडायला सुरुवात केली. वाजंत्र्यांना काय वाजवावं कळेना, ते थांबले. वारलूचा एक म्हातारा पाहुणा डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "जाऊन राह्यला तं मोठा काऊन होऊन राह्यला?"

जो माणूस जातो तो लहान होत जातो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. हा पाठमोरा होता आणि मोठा होत होता. काही जणांनी हात जोडले.

बोटीत लक्ष्मक्काच्या लक्षात प्रकार आला. तिने समय्याला खांद्याला धरून गरकन फिरवलं. छत्री हलली. "सावली! सावली!" गुणवंतराव ओरडले. त्याच वेळी काठ जवळ आला म्हणून नथ्थूने रेसचा दांडा मागे घेतला. दांडा आला. रेस कमी झाली नाही. त्याने दोनदा, तीनदा दांडा हलवला. दांडा हातात लुळा पडला होता, आणि बोट तेवढ्याच जोरात घाटावरच्या पन्नास माणसांच्या दिशेने धावत होती.

नथ्थूने चाक पूर्ण फिरवलं. बोट काठापासून दहा हातांवरून वळली आणि डोहात गोल फिरून पुन्हा घाटाकडे येऊ लागली.

"रेसची तार अडकली," तो म्हणाला. "मांगं जाऊन पाह्यल्याशिवाय नाई निघाची."

"मशीन बंद कर ना मंग," मनकर्णा म्हणाली.

"बंद केली तं पुन्हा तासभर चालू नाई व्हाची. तंवर धार आपल्याले कुठी नेईन?"

मनकर्णाने खालच्या अंगाला पाहिलं. डोह संपताच खडक होते आणि त्यांवर पाणी पांढरं होत होतं. "बंद नको करू," ती म्हणाली.

मग नथ्थूने जे केलं त्याचा त्याला पुढे कधीच पश्चात्ताप झाला नाही. त्याने गुणवंतरावांचे दोन्ही हात धरून चाकावर ठेवले. "साहेब, चाक असंच धरा. इकडं नाई, तिकडं नाई. मी म्हणल्याशिवाय सोडू नका." गुणवंतरावांना पोहता येत नव्हतं आणि त्यांनी आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. पण सूचना स्पष्ट होती. त्यांनी चाक असं धरलं की त्यांची नखं पांढरी पडली.

बोट गोल फिरत राहिली. दर फेरीला ती घाटाच्या दहा हातांवर यायची आणि पुन्हा डोहात जायची.

घाटावर लग्न लावायला आलेले देवाजी महाराज सावली पाहत होते. काठीची सावली काठीच्या पायाशी आली. "वेळ झाली," ते म्हणाले. "नवरदेव येऊन राह्यला, जाऊन राह्यला, ते त्याचं तो पाहीन. मुहूर्त काही फिरून येत नाई." त्यांनी दोघांना अंतरपाट धरून पाण्याच्या कडेला उभं केलं, मंगलीला मागे उभं केलं आणि मंगलाष्टक सुरू केलं. बोट जवळ आली की ते आवाज चढवायचे, दूर गेली की श्वास घ्यायचे. 'सावधान' म्हणण्याची वेळ बोटीच्या फेरीशी बरोबर जुळू लागली. त्या शब्दाला काठावरून अक्षता उडायच्या. निम्म्या समय्यावर, निम्म्या टाकीत.

"टाकीत तांदूळ टाकू नका!" चाक धरलेले गुणवंतराव जवळून जाताना ओरडले. "माशांना बाहेरचं खाणं—" पुढचं वाक्य दूर गेलं. पुढच्या फेरीला ते आले तेव्हा म्हणत होते, "—वर्ज्य आहे!"

मासे तांदूळ खात होते.

मागे नथ्थू मोटरीवर ओणवा पडला होता. दोष सापडला होता. नळीच्या आत रेसच्या तारेचा एक पदर तुटून उलटा फिरला होता आणि माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता. तार ना पुढे जात होती ना मागे. काल त्याने गिअरच्या तारेला ग्रीस भरलं होतं. रेसच्या तारेकडे पाहिलंही नव्हतं, कारण ती चालत होती. "चालत्या तारेले कोण पाह्यते," तो स्वतःवरच चिडून म्हणाला. "ग्रीसचा डबा सिरोंच्याले राह्यला. तेल पाह्यजे. कोणापाशी तेल आहे?"

लक्ष्मक्काला मराठी थोडं कळायचं. 'तेल' कळलं. तिच्या कमरेच्या पिशवीत मुलाला लावून उरलेल्या, आता नवरीला लावायच्या हळदीची वाटी होती, हळद तिळाच्या तेलात कालवलेली. ती वाटी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. मुलाची हळद मोटरीला? तिने समय्याकडे पाहिलं, देवाजी महाराजांकडे पाहिलं, ते दूर होते. खडकांकडे पाहिलं. मग वाटी नथ्थूपुढे केली.

इकडे अंतरपाट दूर झाला. शेवटचं 'सावधान' झालं. मंगली हातात हार घेऊन पायरीवर उभी होती. ती एकोणीस वर्षांची, गोफणीने धानावरची पाखरं उडवण्यात वाकबगार. बोट येताना तिने पाहिलं, नेम धरला आणि हार फेकला.

हार हवेतून सुरेख आला आणि गुणवंतरावांच्या गळ्यात पडला.

वाजंत्री वाजली आणि लगेच थांबली. वारलू मटकन खाली बसला. गुणवंतरावांचा चेहरा हाराच्या वर लालभडक दिसत होता. दोन्ही हात चाकावर होते आणि नथ्थूने सोडा म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवून हार काढायचा प्रयत्न केला, तो आणखी नीट बसला.

"हे लग्न लागलं का महाराज?" कोणीतरी घाबरत विचारलं.

देवाजी महाराजांनी डोळे मिटून विचार केला. चाळीस वर्षं लग्नं लावणाऱ्या माणसाला असा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता. "नाई," ते शेवटी म्हणाले. "ज्याचे दोन्ही हात सरकारी कामात आहेत, त्याच्या गळ्यात पडलेला हार वाटेतला समजावा. पोचला नाई अजून."

"मी तं बरोबर नेम धरला होता," मंगली म्हणाली. "बोटच हलली."

पुढची फेरी येईपर्यंत समय्याने आयुष्यातला पहिला निर्णय स्वतः घेतला. त्याने छत्री आईच्या हातात दिली, उठला, तोल सांभाळत पुढे गेला, गुणवंतरावांपुढे वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या गळ्यातला हार काढून आपल्या गळ्यात घातला. मग काठाकडे वळून, सगळ्यांना दिसेल असा, उभा राहिला. या वेळी त्याचा चेहरा घाटाकडे होता. वाजंत्री जोरात वाजली आणि कोणी थांबवली नाही.

नथ्थूने हळदीचं तेल नळीत थेंब थेंब सोडलं. तार बोटाने धरून पुढेमागे केली. एकदा कर्र झालं, दुसऱ्यांदा काट्यासारखा तो पदर सुटून बाहेर आला, आणि मोटरीचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, सोडा!" तो ओरडला. गुणवंतरावांची बोटं उघडेनात. मनकर्णाने ती एकेक करून उघडली.

बोट मागच्या बाजूने हळूच घाटाला लागली. समय्या उतरला तेव्हा त्याला चक्कर येत होती आणि तो मंगलीच्या ऐवजी वारलूच्या गळ्यात पडला. ते मात्र सगळ्यांना आवडलं. वाटीच्या तळाशी थोडी हळद उरली होती, ती मंगलीला लावली. तिच्यात जरा पेट्रोलचा वास होता.

उरलेले दोन मैल बोट निमूट गेली. नागुलमेट्ट्याला तलाव नदीपासून दोनशे पावलांवर आहे. मासे ओल्या फडक्यात गुंडाळून हातांवर न्यायचे होते. तलावाचा राखणदार गावात गेला होता. नथ्थूने दोन खेपांत दोन नेले, मनकर्णाने तेवढ्याच वेळात तीन नेले. राहिली ती मोठी मादी, आणि दोघंही अजून बांधावरच होते. ताजं पाणी नसलेल्या टाकीत मासा जास्त वेळ धडपडू देता येत नाही, हे पुस्तकातही होतं आणि दिसतही होतं. पंपाची बॅटरी संपून तो केव्हाच थांबला होता.

गुणवंतरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर करायला घेतल्या. मग त्या तशाच राहू दिल्या आणि दोन्ही हात पाण्यात घातले. ती चार शेरांची असेल. त्यांना वाटलं होतं मासा थंड आणि बुळबुळीत असेल. ती होती तशीच, पण तिचं वजन त्यांना ठाऊक नव्हतं. सगळं अंग एकच स्नायू असल्यासारखी ती त्यांच्या छातीवर आपटत होती, आणि पोटाकडे मऊ, भरलेली. त्यांनी तिला फडक्यासकट कवटाळलं आणि धावत सुटले. वाटेत त्यांचा एक जोडा निघाला. ते ओरडत होते, "थांब, थांब, आलंच, आलंच!" हे कोणाला म्हणत होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. बांधावर ते गुडघ्यांवर बसले आणि तिला पाण्यात सोडलं. ती क्षणभर तशीच राहिली, कल्ले हलवत. मग शेपटीचा एक फटका मारला, त्यांचा चष्मा भिजला, आणि गेली.

मनकर्णा शेजारी उभी होती. "चांगली आहे," ती म्हणाली. "टाकीन अंडी."

"किती टाकेल?"

"मोजाले बसता का?"

ते हसले. नथ्थूने नंतर सांगितलं की त्याने त्यांना तेव्हाच पहिल्यांदा हसताना पाहिलं.

परतीच्या वेळी पेट्रोल संपलेलं होतं. त्या फेऱ्यांमध्येच बरंचसं गेलं होतं. मनकर्णाने मोटर वर उचलून बांधली, बांबू घेतला आणि बोट धारेला लावली. आता ती नाक पुढे करून चालली होती, आवाज न करता. ऊन उतरलं होतं. पळसाच्या झाडीतून मोर ओरडत होते. गुणवंतराव एका पायात जोडा घालून, टाकीला टेकून बसले होते. वही भिजली होती, तिची पानं त्यांनी वाळायला पसरली होती.

डोहापाशी आले तेव्हा घाटावर पंगत बसली होती. वारलूने त्यांना पाहून दोन्ही हात वर केले. मनकर्णाने काही न विचारता बोट काठाला लावली. पंगतीत एका बाजूला नवरीकडचे होते आणि दुसऱ्या बाजूला डोंगा दुरुस्त करून एकदाचे पोचलेले नवरदेवाकडचे. वाढणारा पत्रावळी घेऊन उभा होता. त्याने ओल्या सदऱ्याच्या, खवल्यांनी चमकणाऱ्या त्या साहेबाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाकडचे जी?"

"मासळीकडचे," मनकर्णा म्हणाली.

दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकून जागा केली. तिघं बसले. आधी भात आला, मग वांग्याची भाजी, आणि भाजी फार तिखट होती.